साधन कोणाचे, शब्द कोणाचे?

इतिहास बहुधा साधने घडविणाऱ्यांचा लिहिला जातो. ती वापरणाऱ्यांच्या पदरी काय पडले, याची नोंद क्वचितच होते. दूरदूर बसलेल्या अनेकांना एकच मजकूर एकाच वेळी लिहिता यावा, म्हणून इंटरनेटवर निर्माण झालेल्या दोन साधनांची कहाणी या दृष्टीने तपासली पाहिजे.

पहिले 'इथरपॅड'. ॲपजेट या लहानशा कंपनीने ते २००८ मध्ये सुरू केले. प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात उमटे आणि एकाचे अक्षर दुसऱ्याला तत्काळ दिसे. दुसरे 'गूगल वेव्ह'. लार्स आणि येन्स रासमुसेन या बंधूंच्या पुढाकाराने घडलेले हे साधन मे २००९ मध्ये मोठ्या गाजावाजाने जाहीर झाले. पत्र, संभाषण आणि दस्तऐवज यांतील भिंतीच ते पाडणार होते.

डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ॲपजेट विकत घेतली. इथरपॅडचे कर्ते वेव्हच्या कामाला लावले गेले आणि इथरपॅड बंद करण्याचे ठरले. वापरणाऱ्यांनी निषेध केला. परिणामी त्याच महिन्यात त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. ज्या वेव्हसाठी हे घडले, त्याचे काय झाले? ४ ऑगस्ट २०१० रोजी त्याचाही विकास थांबविण्यात आला. पुरेसे लोक आले नाहीत, हे कारण. ३० एप्रिल २०१२ रोजी ते कायमचे बंद झाले. ज्यांनी आपले लेखन उतरवून घेतले नव्हते, त्यांचे ते गेले.

कोड खुला झाला म्हणजे सारे साधले, असेही नाही. वेव्हचा कोड अपाचे या संस्थेकडे सोपविला गेला होता, तरी २०१८ मध्ये तेथेही ते काम गुंडाळले गेले. ते अवजड आणि गुंतागुंतीचे होते. इथरपॅड मात्र पुढे सुटसुटीत रूपात नव्याने लिहिले गेले. लहान संस्थेलाही ते स्वतःच्या संगणकावर चालविता येते, म्हणून ते आजही जिवंत आहे. म्हणजे साधन खुले हवे, पेलणारे हवे आणि ते पेलणारे संघटित हातही हवेत.

फुकट मिळालेल्या जागेवर आपण घर बांधतो. सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर असतो. आज संघटनांचे ठराव, इतिवृत्ते, नियतकालिकांची हस्तलिखिते अशाच जागांवर साठत आहेत. मालकाचा हिशेब बदलला की नोटीस येणारच. तोवर आपल्या शब्दांची एक प्रत आपल्या ताब्यात ठेवणे, ही केवळ तांत्रिक खबरदारी नव्हे. उद्याचा इतिहास कोणाच्या कागदांवरून लिहिला जाणार, हे त्यावरच ठरणार आहे.