दूरदर्शनच्या रिकाम्या जागा

ऑक्टोबर २०११मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. कागदावर हिशेब चोख होता. पण बोरिवली-विरार मागे टाकून पालघरकडे गेले, की एकेका ग्रामपंचायतीचे पाडे ओढ्या-टेकड्यांपलीकडे विखुरलेले दिसतात. कचेरीत फायबर आले, तरी पाड्यावरच्या माणसाच्या हाती काय पडणार?

पवईच्या आयआयटीत प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने हा मधला टप्पा हाती घेतला, आणि उत्तर शोधले ते टीव्हीच्या लहरींत. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि उपनगरातल्या गच्च्यांवर अँटेनांचे रान माजले. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांनी ते उतरवले. लहरींचा पट्टा मात्र दूरदर्शनसाठी राखीवच राहिला. गटाने देशभरच्या प्रक्षेपकांची मोजदाद केली, तेव्हा कळले की ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झमध्ये बसणाऱ्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ जवळजवळ सगळीकडे मोकळ्याच आहेत. सरकारी जमीन पडीक राहावी, तसा प्रकार!

या लहरी झाडीला फारशा अडत नाहीत. वायफाय लांब न्यायचे, तर अँटेना समोरासमोर हव्यात, म्हणजे उंच टॉवर आले; आणि पैसा जातो तो टॉवरवरच. स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावर २०११मध्ये टीव्हीच्या मोकळ्या लहरींचा असाच प्रयोग झाला होता. पवईकरांनी पालघर तालुक्यातले खामलोली निवडले. तिथल्या टॉवरवरून आसपासच्या गावांत टीव्हीच्या लहरींनी इंटरनेट पोचवायचे आणि गावात ते वायफायने वाटायचे, अशी रचना होती. एकूण सात गावे जोडली गेली.

तंत्र जमले, घोडे अडले परवान्यापाशी. मुभा प्रयोगापुरतीच होती. ब्रिटनने असा पट्टा २०१५मध्ये परवान्याविना वापरू दिला. आपल्याकडे पडीक पट्टाही सोडवला नाही, हे खटकतेच.

मग गटाने परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्‌झवर, टॉवरचा खर्च सोसून, पालघरमधल्या २५ गावांचे जाळे विणले. ‘ग्राममार्ग’ नावाच्या या कामाला २०१७मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. त्यातला खरा विचार पैशांचा होता. पंचायतीने जाळ्यात गुंतवणूक करायची आणि ते चालवायचे गावातल्याच कुणीतरी. घाटकोपर-मुलुंडच्या गल्ल्यांत केबलवाला हेच करत आला होता, फक्त त्याच्यामागे पंचायत नव्हती.