उस्मानिया विद्यापीठ आणि मराठी विद्यार्थी

जून महिना उजाडला, की आपल्या अध्यापकवर्गापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या दारी कोणी ना कोणी पालक मुलाला घेऊन येतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो: याला कोणत्या विद्यापीठात घालावे? आपण त्याला शुल्क सांगतो, वसतिगृहाची सोय सांगतो, कोणते विषय कोठे चांगले शिकवितात तेही सांगतो. अलीकडे क्रमवाऱ्यांचे कोष्टक पुढे करून वेळ भागविता येते. हे सर्व उपयुक्त आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या शतकभरात आपल्या दक्षिणेतील मराठी मुलांना विद्यापीठ निवडताना ज्या एका गोष्टीने सर्वांत अधिक छळले आणि सर्वांत अधिक घडविलेही, तिचा उल्लेख या संभाषणात सहसा होत नाही. ती गोष्ट म्हणजे विद्यापीठाची भाषा. उस्मानिया विद्यापीठाचा इतिहास मराठी माणसाने पुन्हा एकदा चाळावा असे मला वाटते, ते याच कारणासाठी.

विद्यापीठाचा परिचय करून देणारी पुस्तिका ही तशी क्षुल्लक वस्तू. ती येते, चाळली जाते आणि रद्दीत जाते. परंतु अशाच एका पुस्तिकेने महाराष्ट्रात एक विद्यापीठ जन्मास घातले. जपानमध्ये जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली टोकियोस स्त्रियांचे विद्यापीठ काढले होते. त्याची माहिती देणारी पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टपालाने पडली; प्रथम त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पुढे सवडीने वाचली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी भाषणाचा विषयच तो केला, आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ प्रत्यक्ष सुरू झाले. कुलपतिपद रामकृष्णपंत भांडारकरांनी स्वीकारले. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे आणि इंग्रजी हा विषय म्हणून शिकवायचा, हे त्या विद्यापीठाचे मूळ सूत्र होते. सरकारची मान्यता नाही, पदवीला बाजारात किंमत नाही, अशा स्थितीत अण्णांनी ते चालविले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठास मिळाले.

याच सुमारास, कर्व्यांच्या प्रयत्नाशी काही संबंध नसताना, हैदराबादेस त्याच सूत्राचा दुसरा आणि कितीतरी पटींनी मोठा प्रयोग आकार घेत होता. त्याच्यामागे संस्थानाची तिजोरी होती. तोवर निजामच्या राज्यातील विद्यार्थ्याला उच्च शिक्षण हवे असेल, तर त्याने परक्या विद्यापीठाच्या दारी जावे हाच क्रम होता. राजधानीतील निजाम कॉलेज १८८७ पासून मद्रास विद्यापीठाला जोडलेले. मराठवाड्यातील ज्यांना परवडे ते पुण्या-मुंबईस जात. अकबर हैदरी यांनी १९१७ च्या आरंभी निजामास एक निवेदन सादर केले. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा, की परभाषेतून शिकणाऱ्याची निम्मी शक्ती भाषेवर खर्च होते, पाठांतर वाढते, विचार खुंटतो, आणि शिकलेला माणूस आपल्याच समाजापासून तुटतो. २६ एप्रिल १९१७ रोजी फर्मान निघाले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ अस्तित्वात आले. माध्यम उर्दू, इंग्रजी सर्वांना सक्तीची, परंतु केवळ विषय म्हणून. रवींद्रनाथांनी या उपक्रमाचे मनापासून स्वागत केले होते, हे येथे नमूद करावयास हवे.

विद्यापीठ उघडण्यापूर्वीच त्याची पुस्तके तयार करणारे खाते उघडले गेले. त्याचे नाव दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतरगृह. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. यांचे वास्तव्य दीर्घकाळ औरंगाबादेस होते. उर्दूचा हा भीष्माचार्य मराठवाड्याच्या मातीत वावरत होता, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. इतिहास, तत्त्वज्ञान, कायदा, गणित, रसायन, वैद्यक या सर्व शाखांतील शेकडो ग्रंथ या खात्याने उर्दूत आणले. जोश मलीहाबादींसारखा कवीही तेथे काही वर्षे नोकरीस होता.

पण भाषांतरापूर्वी परिभाषा हवी, आणि परिभाषेवर जे वाद तेथे झडले ते मराठी वाचकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. शास्त्रज्ञ एका बाजूस आणि भाषापंडित दुसऱ्या बाजूस, असे एकत्र बसून शब्द ठरवीत. एक पक्ष म्हणे, शब्द अरबीतूनच घडवावेत; आपल्याकडे संस्कृतकडे पाहावयाची जी दृष्टी तीच ही. दुसऱ्या पक्षाचे प्रवक्ते वहीदुद्दीन सलीम. त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की उर्दू ही घडणीने आर्य कुळातील भाषा आहे. तेव्हा उपसर्ग, प्रत्यय आणि समास यांच्या साह्याने, हिंदी व फारसी या दोन्ही घटकांचा संकोच न धरता, तिने आपले शब्द आपणच घडवावेत. व्यवहारात विजय बव्हंशी अरबी वळणाचा झाला. वनस्पतिशास्त्राला नबातियात, अर्थशास्त्राला मआशियात, मानसशास्त्राला नफ्सियात, उष्णतामापकास मिक्यास-उल-हरारत. हे शब्द ऐकून आज आपल्यास हसू येते. परंतु आपल्या शासनव्यवहारासाठी १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर जे पदनामकोश निघाले, त्यांतील शब्द ऐकून बाजारातला मराठी माणूस असाच हसला होता. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून हा पेच आपल्या मागे लागलेला आहे. नवा शब्द प्रथम कानाला बोचतोच. तो टिकतो की नाही हे त्याच्या मुळावरून ठरत नसते. वर्गात तो रोज उच्चारला जातो की नाही, यावर ठरते. उस्मानियात ते शब्द तीस वर्षे रोज उच्चारले गेले. त्या भाषेत मुले रसायन शिकली, खटले चालविण्यास तयार झाली, शवविच्छेदन करू लागली. ‘देशी भाषेत उच्च विज्ञान शिकविता येत नाही’ या विधानाला इतके ठोस उत्तर हिंदुस्थानात त्यापूर्वी कोणी दिले नव्हते. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीस निदान एक विषय म्हणून तरी पुन्हा स्थान मिळावे, एवढ्याकरिता न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले होते, हे आठवले म्हणजे या साहसाचे माप कळते.

आता नाण्याची दुसरी बाजू. हैदराबाद संस्थानात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, चौथाईच्या आसपास मराठी, त्याखालोखाल कानडी. उर्दू ज्यांची घरची भाषा असे लोक दहांत एखाद-दुसरे. हैदरींच्या निवेदनातील प्रत्येक युक्तिवाद मातृभाषेच्या बाजूचा होता, आणि तो ज्या भाषेच्या पदरात घातला गेला ती बहुसंख्यांची मातृभाषा नव्हती. परभणीच्या वा बीडच्या मुलाच्या दृष्टीने एक परकी भाषा गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. उलट इंग्रजी निदान संस्थानाबाहेर उपयोगी पडे. प्राथमिक शाळेत मराठी, तेथून वर उर्दू, आणि वसतिगृहापासून कचेरीपर्यंत पुन्हा उर्दूच, असा त्याचा प्रवास. खाजगी शाळा काढून मराठी टिकवावी म्हटले, तर परवानगीचे अडथळे. अशाही काळात हैदराबादेस विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यास नूतन विद्यालय या संस्था उभ्या राहिल्या, म्हणून मराठीची पणती विझली नाही.

तथापि एक गोष्ट आपल्या सांगण्यातून नेहमी गळते. विद्यापीठात मराठी हा विषय होता, आणि तो शिकविणारे साधे लोक नव्हते. डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर यांनी मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा जो तौलनिक अभ्यास केला, तो उस्मानियाच्या परिसरात घडलेला आहे. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी मामांकडे हैदराबादेस राहिले, इंटरच्या परीक्षेत पुनःपुन्हा नापास झाले, आणि त्या काळात त्यांनी जे वाचले व ऐकले त्यावर मराठवाड्याची एक संपूर्ण पिढी पुढे पोसली गेली. विद्यापीठाच्या परिचयपत्रकात उत्तीर्णांची टक्केवारी छापतात. अशा नापासांची नोंद ठेवण्याची पद्धत अजून कोणी सुरू केलेली नाही.

विद्यापीठाला स्वतःचे भव्य स्थान लाभले ते १९३९ साली. ४ डिसेंबर रोजी कलाशाखेच्या इमारतीचे उद्घाटन झाले. बेल्जियन वास्तुशिल्पी अर्नेस्ट जास्पर यांनी तिचा आराखडा केला. गुलाबी छटेच्या ग्रॅनाइटमधली ती वास्तू पाहणारा प्रथम तिच्या उंच कमानीने दिपून जातो. परंतु आत शिरून खांबांकडे नीट पाहावे: इस्लामी कमानींच्या शेजारी अजिंठा-वेरुळच्या लेण्यांतले स्तंभ उभे आहेत. औरंगाबाद जिल्हा तेव्हा संस्थानात होता. मराठवाड्याच्या कातळातला खांब विद्यापीठाच्या वास्तूत मानाने आला. मराठवाड्याची भाषा मात्र एका विषयाच्या तासापुरतीच आत आली. दगडाला माध्यमाची अडचण नसते.

या वास्तूचे उद्घाटन होण्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात ‘वंदे मातरम्’चे प्रकरण पेटले. प्रार्थनेच्या वेळी विद्यार्थी ते गीत म्हणत. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी माघार घेण्याचे नाकारले. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले. त्यांत मराठी होते, तेलुगू होते, कानडी होते. उर्दूतून शिकत आलेली ही मुले वर्षाच्या मध्यात रस्त्यावर आली, आणि तेव्हा त्यांच्यापुढे आजच्या पालकाचाच प्रश्न उभा राहिला: कोणत्या विद्यापीठात जावे? पुष्कळ ठिकाणी त्यांना दार बंद होते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी ते उघडले. या निर्वासित विद्यार्थ्यांत वरंगळकडचा एक तेलुगू तरुण होता. नागपुरास आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्याचे पुढील शिक्षण झाले, मराठी त्याने आपलीशी केली, आणि पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. देशाचे पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले ते १९९१ साली. परंतु आपल्या दृष्टीने, यमूचे दुःख तेलुगू घरांत पोहोचविणारा अनुवादक ही त्यांची ओळख कमी मोलाची नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियाचे माध्यम पाठोपाठ बदलले. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. उर्दू गेली याचा आनंद आपल्या लोकांस झाला, आणि भोगलेला अन्याय पाहता तो समजण्यासारखा आहे. परंतु तिच्या जागी आले कोण? मराठी आली नाही, तेलुगू आली नाही, आली इंग्रजी. तीस वर्षांची पाठ्यपुस्तके, घासून घासून गुळगुळीत झालेली परिभाषा, ती वर्गात वापरण्याची सवय असलेले प्राध्यापक, हे सारे एका निर्णयाने निरुपयोगी झाले. दारुत्तर्जुमाच्या धर्तीवर तीन भाषांची तीन भाषांतरगृहे काढावीत, असे कोणास सुचले असते तर अनुभव हाताशी होता. तसे घडले नाही. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले, मराठवाड्याचे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेस सुरू झाले आणि सं. रा. डोंगरकेरी त्याचे पहिले कुलगुरू झाले. परभणी-बीडच्या मुलाला हैदराबादेस जाण्याची गरज उरली नाही, ही मोठीच सोय झाली. कला आणि वाणिज्य या शाखांत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभाही कालांतराने मिळाली. विज्ञान आणि वैद्यक यांच्या दाराशी मात्र मराठी अडली ती अडलीच. आणि अण्णा कर्व्यांच्या विद्यापीठातही इंग्रजीने हळूहळू आपले आसन मांडले. आपल्यावर उर्दू लादणाऱ्यांनी आपल्या भाषेसाठी जे कष्ट उपसले, तेवढे आपण सत्ता हाती आल्यावर आपल्या भाषेसाठी उपसले नाहीत, हे मराठी अध्यापकाने कबूल केले पाहिजे. मी कबूल करतो.

मराठवाडा विद्यापीठास १९९४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. त्याच वर्षी नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नावे स्वतंत्र विद्यापीठ झाले. उर्दूसाठी १९९८ साली हैदराबादेतच मौलाना आझादांच्या नावाचे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले. मराठी भाषेच्या नावाने निघालेल्या पहिल्या विद्यापीठासाठी महाराष्ट्राने २०२३ साली कायदा केला, आणि स्थळ निवडले ते अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर, जेथे महानुभावांनी लीळाचरित्र सिद्ध केले. येत्या जूनमध्ये कोणी पालक मुलाला घेऊन दारी आला, तर त्याच्यापुढे उस्मानियाच्या शुल्काचा कागद ठेवताना रिद्धपूरचेही नाव मी सांगणार आहे. तो बहुधा विचारील, तेथे शिकून पुढे काय? १९१६ साली कर्व्यांना आणि १९१८ साली हैदरींना हेच विचारले गेले होते.