पंडितांच्या घरातील टेनिस

खेळाडूचे चरित्र म्हणजे जयापजयांची यादी, असा एक समज आहे. आम्हांला तो मान्य नाही. खेळाडूला मैदानात कोणी उतरू दिले, हाही इतिहासच होय. आणि मुलीच्या बाबतीत तर तोच मुख्य.

१९३४ साली मुंबईच्या लीला राव विंबल्डनच्या हिरवळीवर उतरल्या. पहिल्या फेरीत त्यांनी ग्लॅडिस साउथवेल हिला हरविले. विंबल्डनवर सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा आडामॉफपुढे त्यांची हार झाली. विजय एकच, पण त्याच्या पाठीशी दोन पिढ्या उभ्या होत्या.

आजोबा शंकर पांडुरंग पंडित. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन त्यांनी केले, तुकोबांच्या गाथेच्या संशोधित आवृत्तीसाठीही ते झटले. १८९४ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांची कन्या क्षमा जेमतेम चार वर्षांची. पितृछत्र हरपलेली हीच मुलगी पुढे पंडिता क्षमा राव म्हणून नावाजली. गांधीजींच्या लढ्यावर तिने 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य लिहिले. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृतात गायिली. आणि गंमत अशी की, हीच विदुषी टेनिसच्या स्पर्धाही खेळत असे! ज्या घरात आईच्या एका हातात लेखणी आणि दुसऱ्या हातात रॅकेट, त्या घरातील मुलीला 'खेळू का?' असे विचारावेच लागले नसेल. १९३१ साली लीलाबाईंनी अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले, आणि पुढे १९४३ पर्यंत ते अनेकदा राखले.

त्याच काळातील जर्मनी पाहा. १९३१ साली विंबल्डनच्या महिलांच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना जर्मन मुली होत्या. सिली आउसेम जिंकली, हिल्डे क्राह्‌विंकेल हरली. दोनच वर्षांनी हिटलरची सत्ता आली आणि डॅनियल प्रेन हा गुणी खेळाडू केवळ ज्यू म्हणून डेव्हिस चषकाच्या संघाबाहेर गेला. सलग तीन वर्षे विंबल्डनची अंतिम फेरी गाठणारा गॉटफ्रीड फॉन क्राम १९३८ साली तुरुंगात पडला. कौशल्य तेच, हात तेच. पाठीशी उभे राहणारे मात्र उरले नाही.

लीलाबाईंनी पुढे आईच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली. विद्या आणि खेळ यांचे वैर त्या घराला ठाऊकच नव्हते.

'आमच्या पिंपळगावात कुठले विंबल्डन?' असे कोणी म्हणेल. हिरवळ नसेल, मोकळी जागा तर आहे! दप्तर ठेवून मैदानाकडे निघालेल्या मुलीला उंबऱ्यावर 'आता पुरे' म्हणावयाचे की 'जाऊन ये' म्हणावयाचे, एवढेच आपल्या हाती आहे. पंडितांच्या घराने 'जाऊन ये' म्हटले. म्हणून १९३४ चा तो सामना आज आपल्याला सांगता आला.