पारख पडद्यावर कशी आली

१९५१ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात टीव्हीवर एक कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर धूर दाटायचा आणि धुरातून हळूहळू एक वस्तू पुढे यायची. कधी मुखवटा, कधी हाडाचं हत्यार, कधी मातीचं भांडं. ती काय आहे हे घरी बसलेल्या प्रेक्षकांना आधीच सांगितलेलं असे. समोर बसलेल्या विद्वानांना मात्र काहीही ठाऊक नसे. ते ती हातात घेत, उलटसुलट करून पाहत आणि मोठ्याने विचार करत. 'व्हॉट इन द वर्ल्ड?' हे त्याचं नाव. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाचे संचालक फ्रॉलिक रेनी तो चालवत आणि वस्तूही त्याच संग्रहालयातल्या असत.

जुन्या वस्तूंची पारख टीव्हीवर बघताना मला जेवणाची वेळ कळत नाही. या आवडीचं कूळ शोधत मागे गेलं, की पाय या धुरापाशी येऊन थांबतात.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, बीबीसीने ही कल्पना उचलली. 'ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?' या कार्यक्रमात ग्लिन डॅनियल सूत्रधार असत आणि पारख करणाऱ्यांत मॉर्टिमर व्हीलर. हे व्हीलर आपल्याला परके नाहीत. १९४४ ते १९४८ या काळात ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. तक्षशिलेला शिबिर भरवून त्यांनी इथल्या तरुण अभ्यासकांना मातीच्या थरांनुसार उत्खनन करायला शिकवलं. इंग्लंडला परतल्यावर हाच माणूस भरघोस मिशांसकट घराघरांत पोहोचला आणि १९५४ साली तिथल्या टीव्हीवरची सर्वांत लोकप्रिय व्यक्ती ठरला. एका पुरातत्त्वज्ञाला हा मान मिळावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. एखाद्या जाणत्याला विचार करताना पाहणं हाच केवढा आनंद असतो, हे लोकांना त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर कळलं.

या पहिल्या पिढीत किमतीचा प्रश्नच नव्हता. संग्रहालयातली वस्तू विकायची नसते.

किंमत आली १९६५ साली, बीबीसीच्या ब्रिस्टल केंद्रातून. 'गोइंग फॉर अ साँग' म्हणजे आपल्या भाषेत 'कवडीमोलाने'. सुरुवातीच्या नावांबरोबर पिंजऱ्यातला यांत्रिक पक्षी गायचा. इथला खरा हिरो आर्थर नेगस. सुतारकाम करणाऱ्याचा हा मुलगा, पुढे ग्लॉस्टरच्या एका लिलाव-कंपनीत नोकरीला. टीव्हीवर आला तेव्हा साठी ओलांडलेली. लाकडी खण दिसला की तो बाहेर ओढून कोपऱ्याचा सांधा बघायचा, मग खालून बोटं फिरवायची, ही त्याची रीत. तिचं कारण साधं आहे. हाताने कापलेल्या सांध्याचे दात कमी-जास्त रुंदीचे असतात, यंत्राने कापलेले एकसारखे. खणाची खालची बाजू कोणी दाखवण्यासाठी रंगवत नाही, म्हणून खरं वय तिथेच सापडतं. एवढं ऐकल्यावर कितीतरी लोकांनी आपल्या घरचे खण बाहेर काढले असणार. मीही काढला होता.

पण अजून एक माणूस पडद्यावर यायचाच होता: वस्तूचा मालक.

तो आला १९७७ च्या मे महिन्यात, हेरफर्ड या लहान शहराच्या टाउन हॉलमध्ये. लंडनची एक लिलाव-कंपनी गावोगाव फिरून लोकांच्या वस्तू पाहत असे. तिच्या दौऱ्यावरच्या माहितीपटातून 'अँटिक्स रोडशो'ची कल्पना निघाली. हेरफर्डचं चित्रीकरण ही चाचणी होती. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी मालिका सुरू झाली, नेगस तिच्यातही होता, आणि ती आजतागायत चालू आहे.

पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. लोक पिशव्या, खोकी, जुन्या चादरीत गुंडाळलेली चित्रं घेऊन रांगेत उभे राहतात. कोणाची वस्तू कोणत्या टेबलावर जायची ते दारातच ठरतं. पारख फुकट. तज्ज्ञ पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही. तो विचारतो, ही तुमच्याकडे आली कशी? मग आजी येते, आजीची मालकीण येते, युद्धावर गेलेला काका येतो. आकडा अगदी शेवटी.

१९९० साली नॉर्थॅम्प्टनला एक बाई मातीचं घुबड घेऊन आल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचं, पातळ मातीच्या रंगीत रेघांनी पिसं काढलेलं स्टॅफर्डशायरचं काम. हे घुबड म्हणजे सुरई. डोकं उचललं की तेच पेला होतं. मातीच्या भांड्यांचे जाणकार हेन्री सँडन यांना ते बघून झालेला आनंद कॅमेऱ्यापासून लपला नाही, आणि त्या बाई चकित. आज ते घुबड स्टोक-ऑन-ट्रेंटच्या संग्रहालयात आहे, जिथल्या मातीत ही कला वाढली त्याच परिसरात. त्याआधी १९८६ साली बार्नस्टेपलला रिचर्ड डॅड या चित्रकाराचं हरवलेलं मानलं गेलेलं जलरंगचित्र असंच कोणाच्या तरी घरातून बाहेर आलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश म्युझियमने ते एक लाख पौंडांना घेतलं.

जपानमध्ये १९९४ पासून चालणाऱ्या कार्यक्रमात एक बारीकशी भर पडली. तिथे मालक आधी स्वतःचा अंदाज सांगतो, मग खरा आकडा फलकावर झळकतो. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू नकली निघाली तर तेही सगळ्यांसमोर. ते बघताना माझ्या पोटात गोळा येतो.

अमेरिकेत 'अँटिक्स रोडशो'ची मालिका १९९७ साली सुरू झाली. २००१ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला एका वृद्ध गृहस्थांनी खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलेलं घोंगडं आणलं. ते निघालं नावाहो विणकरांचं, सुरुवातीच्या काळातलं. साडेतीन ते पाच लाख डॉलरचं. त्यांचे डोळे भरून आले. याच अमेरिकी मालिकेत एका माणसाने यादवी युद्धातली तलवार आणून, लहानपणी आपण हिने कलिंगडं कापायचो, असं सांगितलं होतं. तो सगळा बनाव होता. तज्ज्ञांनीच रचलेला. त्यांना पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यांत शिक्षा झाली. तलवारीची किंमत खरी की खोटी, याने मला फरक पडत नाही. कलिंगड खोटं होतं, हे लागतं.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की या कार्यक्रमांचा जीव आकड्यात नाही. संग्रहालयाने वस्तू दिली, लिलावाने किंमत दिली, पण आपण टीव्हीसमोर खिळतो ते तिसऱ्या पिढीत आलेल्या त्या मालकामुळे. आपल्या घरातलं काहीतरी कोणीतरी जाणता मनापासून हातात घेतोय, ते पाहणाऱ्याचा चेहरा बघण्यासाठी. २०२४ साली ब्रिटिश रोडशोतले तज्ज्ञ रॉनी आर्चर-मॉर्गन यांनी गुलामांच्या व्यापाराशी जोडलेल्या एका हस्तिदंती चकतीची गोष्ट सविस्तर सांगितली आणि किंमत सांगायला नकार दिला. आकड्याशिवायही तो भाग पुरा होता.

आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला घेतल्या तेव्हा त्यांनाही घरातल्याच गोष्टींचं वेड होतं: अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा सुमारे वीस हजार वस्तू आहेत.

आमच्या आजोळी तांब्याचं घंगाळ होतं. अंगण गेलं, चूल गेली, मग घंगाळ मोडीत गेलं. दुकानदाराने ते काट्यावर ठेवलं, वजन सांगितलं, पैसे दिले. उचलून बाजूला टाकताना ते कलंडलं आणि काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं दिसली: पणजीचं माहेरचं नाव आणि एक साल. कासाराकडे भांड्यावर नाव घालून घ्यायची आपली ही पद्धत. रोडशोतला तज्ज्ञ जो पहिला प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर आपल्या बायकांनी तांब्यापितळेवर आधीच कोरून ठेवलेलं आहे. त्या दिवशी मी ते नीट वाचलंही नाही. साल आता आठवत नाही.

माळ्यावरची भांडी मोडीत देण्याआधी एकदा उजेडात आणा, काठाखाली बघा. नाव सापडलं तर घरातलं कोणी मोठं माणूस आहे तोवर विचारून घ्या, ही कोण?