तयार उत्तरे आणि अर्ध्या अंशाची चूक

झालान्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्यासारख्या दूरदेशी नेमणूक झालेल्यांच्या कचेऱ्या आहेत. गावाकडचे पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना जंतरमंतर दाखवावयास नेतो. गेल्या हिवाळ्यात भाचा आला होता. सम्राट यंत्राची सावली वेळ कशी दाखविते, असे आम्ही त्यास विचारले. त्याने खिशातील फोन काढला आणि क्षणार्धात बिनचूक उत्तर वाचून दाखविले. मात्र समोर सावली मिनिटाला सुमारे चार बोटे सरकत होती, तिकडे त्याने वळूनही पाहिले नाही.

त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. परवाच आमच्या हातून एका टिपणात रद्द झालेल्या परिपत्रकाचा आधार दिला गेला. इंटरनेटवर तोच पहिल्या ओळीत सापडला होता. पूर्वी जुनी नस्ती चाळताना नियम का बदलला हेही कळत असे. आता नियम मिळतो, कारण मिळत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट आपल्या देशात सर्वसामान्यांस खुले केले. त्यानंतर एका पिढीच्या आतच स्मरणाची रीत पालटली. २०११ मध्ये अमेरिकेतील बेट्सी स्पॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगान्ती असे दाखविले, की माहिती संगणकात साठविली जाणार आहे अशी समजूत असली, तर माणसे ती कमी लक्षात ठेवतात. ती कोठे सापडेल, हे मात्र त्यांच्या ध्यानी राहते.

वस्तुतः हा पालट अगदीच नवा नव्हे. आमचे आजोबा पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ म्हणत आणि रुपये-आणे-पैचा हिशेब बोटांवर उलगडीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांचे प्रयोजन हळूहळू सरले. त्यामुळे मराठी माणूस हिशेबात मंद झाला, असे कोणी म्हणणार नाही. एक शक्ती निजली, तर दुसरीस वाव मिळाला. तेव्हा पाठांतर गेले एवढ्याचाच शोक करणे व्यर्थ होय. खरा प्रश्न निराळा आहे: हाती आलेले उत्तर पारखण्याची शक्ती आपल्यापाशी उरते की नाही?

या प्रश्नाचा एक धडा जयपुरातच घालून दिलेला आहे. १७२७ मध्ये हे नगर वसविणारे सवाई जयसिंह ज्ञानाच्या बाबतीत स्वदेशाभिमानाने आंधळे नव्हते. त्यांच्या आश्रयास असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. अरबी ग्रंथांच्या आधारे त्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीचे ज्योतिष ‘सम्राटसिद्धान्त’ या नावाने संस्कृतात आणले. पुढे जयसिंहांनी पोर्तुगालला माणसे धाडली. ती परतली ती फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके घेऊन. त्या काळी युरोपातील हे मान्यवर, तयार उत्तर होते.

जयसिंहांनी ते नाकारले नाही आणि डोळे मिटून स्वीकारलेही नाही. त्यांनी ते वेधांशी ताडून पाहिले. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत आढळली, असे त्यांच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे. अर्धा अंश म्हणजे आकाशातील पूर्णचंद्राच्या बिंबाची रुंदी! ती चूक सापडली, कारण पडताळा घेणारे यंत्र दारी होते आणि ते वाचणारा डोळा तयार होता.

याच कथेची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. युरोपात दुर्बिणीने आणि केप्लर-न्यूटन यांच्या गणिताने ज्योतिष पार पुढे गेले होते. जयसिंहांची भव्य यंत्रे नुसत्या डोळ्यांनी घ्यावयाच्या वेधांसाठीच होती. जगाशी संबंध तोकडा राहिला, तर उत्तम बुद्धीही अर्ध्या वाटेवर अडते. आज तो तोकडेपणा उरलेला नाही. एके काळी मोजक्या पोथीशाळांत असलेले ग्रंथ झालान्यातील भाड्याच्या खोलीत बसून वाचता येतात. हे भाग्य लहान नव्हे.

१७४३ मध्ये जयसिंह निवर्तले. त्यांच्या मागे त्या जिद्दीने वेध घेणारे कोणी राहिले नाही. यंत्रांची पडझड झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा जीर्णोद्धार करावा लागला. दगड टिकला, पण प्रश्न विचारणारा गेला, तेव्हा यंत्र मुके झाले. इंटरनेटचेही याहून निराळे होणार नाही. ते बुद्धी देत नाही की हिरावूनही घेत नाही. आपण पडताळ्याचे काम सोडले, तर ती आपणच गमावतो.

भाच्याला निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा जंतरमंतरात नेले. या खेपेस फोन खिशातच ठेवावयास सांगितले. त्याने सावलीवरून वेळ वाचली आणि मनगटावरील घड्याळाशी ताडली. दोन्हींत बराच फरक निघाला. सावली जयपूरची स्थानिक वेळ सांगते, घड्याळ साऱ्या देशाची, हे त्यास ठाऊक नव्हते. “मामा, हा फरक का पडतो?” त्याने विचारले.

आम्ही उत्तर दिले नाही. त्यालाच शोधू दिले.