मुदखेड की मुखेड? एका अक्षराच्या फरकामागचा भूगोल

नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत. त्यातल्या दोघांची नावे इतकी सारखी, की मेसेज घाईत फॉरवर्ड करताना हमखास गल्लत व्हावी. ऑगस्ट २०२५ मध्ये हसनाळ आणि परिसरातील गावांत पुराने हाहाकार उडाला, तो मुखेड तालुक्यात. मुदखेड वेगळे.

नेमके कुठे?
मुदखेड नांदेड शहराच्या पूर्वेला, गोदावरीच्या उत्तरेकडील बाजूस आहे. नांदेडपासून अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. मुखेड मात्र गोदावरीच्या दक्षिणेला, लातूर जिल्ह्याच्या बाजूला आहे. मुदखेडचा पिनकोड ४३१८०६, तर मुखेडचा ४३१७१५.

रेल्वेचे जंक्शन
सोपी खूण म्हणजे रेल्वे. मुखेडला रेल्वे नाही. मुदखेड जंक्शन आहे. निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग टाकला गेला. त्यावरील मुदखेडला फाटा फुटतो. एक मार्ग उमरी, धर्माबाद, बासरवरून निजामाबादकडे, तर दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादला जातो. १९४८ पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. राज्याची हद्द बदलली, पण तेलंगणाशी रेल्वेने जोडलेला व्यवहार टिकून राहिला.

पाणी आणि पिके
मराठवाडा म्हटले की दुष्काळ डोळ्यांसमोर येतो. मुदखेड आणि शेजारच्या अर्धापूरचे चित्र थोडे वेगळे आहे. पैनगंगेवरील इसापूर धरणाचे कालव्याचे पाणी या पट्ट्यात येते, म्हणून इथे केळी, हळद आणि ऊस दिसतो. मुदखेडची आणखी एक ओळख म्हणजे फुलशेती: गुलाब, मोगरा, काकडा. फुले पहाटे तोडून लगेच बाजारात न्यावी लागतात. त्यामुळे नांदेडची बाजारपेठ जवळ असणे मोलाचे ठरते. पण ही सुबत्ता धरणाच्या साठ्यावर उभी आहे. पाऊस कमी झाला आणि कालव्याच्या पाळ्या घटल्या, की पहिला फटका केळीला बसतो.

आणखी एक ओळख
केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्रही मुदखेडलाच आहे. विधानसभेसाठी हा तालुका भोकर मतदारसंघात येतो, तर मुखेड हा स्वतंत्र मतदारसंघ आहे.

म्हणून पुराची बातमी किंवा मदतीचे आवाहन पुढे पाठवताना मधला 'द' नीट पाहा. मदतीची गाडी चुकीच्या तालुक्यात गेली, तर ती परत फिरून गोदावरीपलीकडे पोहोचेपर्यंत मोलाचे तास निघून जातात.