सौंदर्योपचारांतील इंजेक्शनांनंतरचा विमानप्रवास

सौंदर्योपचारांतील इंजेक्शनांनंतरचा विमानप्रवास हा त्वचारोगशास्त्र आणि प्रवासवैद्यक या दोन शाखांच्या सीमेवरील विषय आहे. चेहऱ्यावरील सुरकुत्या कमी करण्यासाठी बोट्युलिनम टॉक्सिन (व्यवहारात 'बोटॉक्स') आणि गाल, ओठ, हनुवटी भरीव दिसण्यासाठी 'फिलर' ही दोन प्रकारची इंजेक्शने प्रामुख्याने दिली जातात. ती घेतल्यावर किती काळाने विमानात बसावे, हा प्रश्न लग्नसराईत गावी आलेल्या परदेशस्थ कुटुंबांकडून आणि उपचारासाठी मोठ्या शहरात जाणाऱ्या रुग्णांकडून वारंवार विचारला जातो. विमानातील कमी दाबामुळे औषध पसरते किंवा फिलर फुगतो, असा समज प्रचलित आहे. त्याला भौतिकशास्त्राचा आधार नाही. उपचारानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत गुंतागुंत उद्भवली, तर रुग्ण डॉक्टरांपासून आणि उताऱ्याच्या औषधापासून किती दूर असेल, हा या विषयातील महत्त्वाचा मुद्दा आहे.

इंजेक्शनांचे स्वरूप

बोट्युलिनम टॉक्सिन हे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष होय. खराब झालेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे सविस्तर वर्णन युस्टिनुस केर्नर या जर्मन वैद्याने १८२० च्या दशकात केले. बेल्जियमचे एमिल व्हान एर्मेंगेम यांनी १८९७ मध्ये त्यामागील जिवाणूविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. या विषाचा अत्यल्प मात्रेत औषध म्हणून उपयोग करण्याचे काम अमेरिकी नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणाच्या उपचारासाठी केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये नेत्रविकारांसाठी आणि २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी त्यास मान्यता दिली. हे औषध मज्जातंतूच्या टोकापाशी ॲसिटिलकोलीन या रसायनाचे स्रवण थांबवते, त्यामुळे संबंधित स्नायू शिथिल होतो. परिणाम तीन ते पाच दिवसांत दिसू लागतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो.

फिलरमध्ये बहुधा हायलुरॉनिक आम्लाचा घट्ट जेल असतो. हा पदार्थ कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून वेगळा केला. हायलुरॉनिडेज या विकराने (एन्झाइमने) तो विरघळवता येतो, हा त्याचा मोठा गुण. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपॅटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक आम्ल यांवर आधारित फिलर मात्र या विकराने विरघळत नाहीत. म्हणून रुग्णाला केवळ 'फिलर घेतला' एवढे माहीत असणे पुरेसे नसते. कोणता घेतला हे माहीत असावे लागते.

विमानातील दाब आणि त्याचा परिणाम

प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडत असले, तरी आतील हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो. नियमानुसार तो २४०० मीटर (८००० फूट) उंचीवरील दाबापेक्षा कमी होऊ दिला जात नाही. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत तो सुमारे १८०० मीटर उंचीइतका असतो. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर आहे आणि कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरवर. म्हणजे विमानातील प्रवासी कळसूबाईहून काहीशा अधिक उंचीवर, साधारणतः सिमल्याच्या आसपास बसलेला असतो. सिमल्याला राहणारे लोक फिलर घेतात आणि त्यांचे गाल फुगत नाहीत.

कारण सरळ आहे. बॉइलच्या नियमानुसार दाब कमी झाल्यावर वायूचे आकारमान वाढते. समुद्रसपाटीवरील १०१ किलोपास्कल दाब २४०० मीटरवर सुमारे ७५ किलोपास्कल होतो, म्हणून बंदिस्त वायू सुमारे एक-तृतीयांशाने प्रसरण पावतो. कानात दडे बसणे आणि पोट फुगणे याचेच परिणाम होत. फिलरचा जेल मात्र मुख्यतः पाण्याचा बनलेला असतो, आणि द्रव या फरकाने मोजण्याइतका प्रसरण पावत नाही.

डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेशी तुलना केल्यास हा फरक नीट लक्षात येतो. तेथे पडदा जागेवर बसवण्यासाठी कधीकधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास सक्त मना असतो, कारण बुडबुडा प्रसरण पावून डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. सौंदर्योपचारांतील इंजेक्शनांना हा नियम लावण्याचे कारण नाही.

बोट्युलिनम टॉक्सिनबाबत दाबाचा प्रश्न त्याहूनही गौण आहे. औषध इंजेक्शनानंतर काही तासांतच मज्जातंतूच्या टोकांत शिरते. पहिले चार तास आडवे न होण्याचा आणि चेहरा न चोळण्याचा सल्ला परंपरेने दिला जातो. या सल्ल्याचा आधार भक्कम नसला, तरी तो पाळण्यात तोटा नाही.

विमानातील आर्द्रता १० ते २० टक्के इतकी कमी असते. त्यामुळे ओठ व डोळे कोरडे पडतात. त्वचेखाली बसवलेला जेल वाळत नाही. दीर्घकाळ बसून राहिल्याने व खारट खाण्याने चेहऱ्यावर येणारी तात्पुरती सूज फिलरच्या सुजेत भर घालते, आणि धास्तावलेल्या प्रवाशाला फिलरच फुगला असे वाटते. विमानतळावरील तपासणी यंत्रांचा कोणत्याही इंजेक्शनावर परिणाम होत नाही.

रक्तवाहिनीतील अडथळा

फिलरची सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे जेल चुकून रक्तवाहिनीत जाणे किंवा वाहिनीवर बाहेरून दाब पडणे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात सुईने दिलेल्या सुमारे ६४०० सिरिंजांमागे एक आणि बोथट टोकाच्या नळीने (कॅन्युला) दिलेल्या सुमारे ४०,९०० सिरिंजांमागे एक, असे अशा अडथळ्याचे प्रमाण आढळले. हे आकडे प्रशिक्षित तज्ज्ञांच्या हातचे आहेत, हे ध्यानात घ्यावे लागते.

जेल उलट दिशेने डोळ्याच्या रोहिणीत पोहोचल्यास बहुधा इंजेक्शनाच्या वेळीच, काही क्षणांत, दृष्टी जाते. ही घटना दवाखान्यातच घडत असल्याने तिचा विमानप्रवासाशी फारसा संबंध येत नाही. त्वचेच्या रक्तवाहिनीतील अडथळा मात्र फसवा असतो. त्वचा पांढरी पडणे, मग तिच्यावर जांभळट जाळीसारखी नक्षी उमटणे, दाबल्यावर रंग उशिरा परतणे आणि वाढत जाणारी वेदना ही त्याची लक्षणे होत. अनेक फिलरमध्ये लिडोकेन हे बधिरीकरणाचे औषध मिसळलेले असते, त्यामुळे पहिले काही तास वेदना झाकली जाते. काही रुग्णांत लक्षणे घरी गेल्यावर, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जाणवतात. दोन-तीन दिवसांत पुटकुळ्या येतात; अनेकदा त्यांना साधा मुरूम किंवा नागीण समजले जाते, आणि तोपर्यंत त्वचा मृत होऊ लागलेली असते.

यावर उपाय आहे. हायलुरॉनिडेजची मोठी मात्रा लवकरात लवकर बाधित भागात टोचली जाते आणि रक्तपुरवठा पूर्ववत होईपर्यंत दर तासाने तिची पुनरावृत्ती केली जाते. विमानातील आपत्कालीन औषधपेटीत हे विकर नसते. मुंबईहून अमेरिकेकडे निघालेल्या थेट विमानात पंधरा-सोळा तास ते मिळण्याची शक्यता नाही, आणि केबिनमधील मंद प्रकाशात त्वचेचा रंग बदलल्याचे लक्षातही येत नाही. फिलरनंतर त्याच दिवशी लांबचा प्रवास टाळण्याच्या सल्ल्यामागील ठोस कारण हेच होय.

प्रतीक्षेचा कालावधी

बोट्युलिनम टॉक्सिननंतर चार तास उलटल्यावर प्रवासास वैद्यकीय हरकत नसते. बहुतेक डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून परवानगी देतात. फिलरनंतर किमान २४ ते ४८ तास थांबण्याचा सल्ला सर्वसाधारण आहे. डोळ्यांखाली, नाकावर किंवा भुवयांमध्ये फिलर घेतला असेल तर अधिक सावधगिरी बाळगली जाते, कारण तेथील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. दुहेरी हनुवटीसाठी दिल्या जाणाऱ्या डीऑक्सिकोलिक आम्लानंतर अनेक दिवस ठळक सूज राहते. स्वतःच्याच शरीरातील चरबी काढून चेहऱ्यात भरण्याचा उपचार इंजेक्शनासारखा दिसला, तरी ती शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर पायातील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका लक्षात घेऊन स्वतंत्र निर्णय घेतला जातो.

सोयीच्या दृष्टीने पाहता मोठ्या समारंभापूर्वी किंवा परदेशगमनापूर्वी दोन आठवड्यांचे अंतर ठेवणे उत्तम मानतात. बोट्युलिनम टॉक्सिनमुळे पापणी खाली उतरण्याची गुंतागुंत याच काळात दिसून येते आणि कमी-जास्त मात्रेची दुरुस्तीही तेव्हाच केली जाते. लांबच्या प्रवासात रक्त गोठू नये म्हणून काही जण स्वतःहून ॲस्पिरीन घेतात. फिलरनंतर त्यामुळे काळेनिळे डाग वाढतात. ज्यांना ते हृदयविकारासाठी लिहून दिलेले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नये. मद्य टाळणे, डोळ्यांवरील घट्ट पट्टी न वापरणे, समोरच्या आसनावर कपाळ टेकवून न झोपणे, या उरलेल्या सूचना किरकोळ आहेत.

तुर्कस्तानातील विषबाधा, २०२३

उपचार एका देशात आणि गुंतागुंत दुसऱ्या देशात, याचे ठळक उदाहरण २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपात दिसले. वजन कमी करण्यासाठी जठराच्या भिंतीत बोट्युलिनम टॉक्सिन टोचण्याचा उपचार अनेकांनी तुर्कस्तानात घेतला होता. त्यांपैकी काही जण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आदी देशांत घरी परतल्यावर त्यांना गिळण्यास त्रास, दुहेरी दिसणे आणि स्नायूंची दुर्बलता ही बोट्युलिझमची लक्षणे जाणवू लागली. ऐंशीहून अधिक रुग्णांची नोंद झाली. हा उपचार चेहऱ्यावरील इंजेक्शनांपेक्षा वेगळा आणि मात्राही कितीतरी मोठी होती. तरीही घरच्या डॉक्टरांपुढील अडचण तीच होती: रुग्णाला कोणते उत्पादन, किती मात्रेत आणि केव्हा दिले, हे उपचारस्थळापासून शेकडो कोस दूर शोधून काढणे.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

यवतमाळ येथे धावपट्टी असली, तरी तेथून नियमित प्रवासी विमानसेवा चालत नाही. जिल्ह्यातील रहिवाशांचा विमानप्रवास म्हणून रस्त्यानेच सुरू होतो. नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यवतमाळपासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. उमरखेड, महागाव या दक्षिणेकडील तालुक्यांना नांदेडचा विमानतळ जवळ पडतो. नागपूर किंवा मुंबईत फिलर घेऊन त्याच दिवशी गावी परतणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत विमान, बस आणि खाजगी गाडी यांत वैद्यकीयदृष्ट्या फारसा फरक नाही; तिन्हींमुळे तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून तितकाच दुरावतो. मे महिन्यातील विदर्भाच्या उन्हात काही तासांचा रस्त्याचा प्रवास तर वातानुकूलित विमानापेक्षा सूज वाढवण्यास अधिक कारणीभूत ठरू शकतो.

जेथे तज्ज्ञ डॉक्टर ठराविक दिवशीच बाहेरगावाहून येतात, तेथे हाच प्रश्न उलटा होतो. रुग्ण घरी राहतो आणि डॉक्टर निघून जातात. पुढील दोन दिवस फोनवर कोण उपलब्ध असेल आणि गरज पडल्यास जवळ कोणाकडे जावे, हे उपचारापूर्वीच ठरवून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

हायलुरॉनिडेज केवळ सौंदर्योपचारांच्या दवाखान्यांपुरते मर्यादित नाही, ही बाब येथे उपयोगी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवतीचे बधिरीकरण नीट पसरावे म्हणून नेत्रतज्ज्ञ हे विकर दीर्घकाळ वापरत आले आहेत. भारतात त्याच्या १५०० एककांच्या कुप्या मिळतात. त्यामुळे डोळ्यांच्या रुग्णालयात ते असण्याची शक्यता बरीच असते. ज्या पदार्थाचा शोध डोळ्यात लागला, त्याचा उतारा डोळ्यांच्या दवाखान्यात सापडावा, हा योगायोग रंजक आहे. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरच्या वाटेवर वर्ध्याजवळ असलेली सावंगी (मेघे) व सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालये आणि दक्षिणेकडे नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही तातडीच्या वेळी गाठता येण्याजोगी मोठी केंद्रे होत.

उपचार कोणी करावा, याविषयी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. सौंदर्योपचार आणि केशरोपण औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे, केवळ कार्यशाळा किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत नमूद आहे. ब्यूटी पार्लरमध्ये दिले जाणारे इंजेक्शन या चौकटीत बसत नाही. उपचारानंतर कुपीवरील किंवा सिरिंजच्या वेष्टनावरील नाव व बॅच क्रमांकाची चिकटपट्टी, टोचलेल्या जागा, मात्रा आणि वेळ यांची लेखी नोंद रुग्णाला मागता येते. ही नोंद प्रवासात हातातील पिशवीत ठेवावी, सामानाच्या बॅगेत नव्हे.